खानदेशच्या उन्हात मोबाईल : घेताना आणि वापरताना या चुका टाळा

जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो आणि अनेक मोबाईल कंपन्या मात्र आपला फोन ० ते ३५ अंश तापमानात वापरावा, असे माहितीपत्रकात लिहितात. फोन घेताना हे दोन आकडे शेजारी ठेवून पाहणारे ग्राहक फार थोडे. बहुतेकांचे लक्ष मेगापिक्सेलवर असते; प्रत्यक्षात फोटोचा दर्जा कॅमेऱ्यातल्या सेन्सरच्या (प्रकाश टिपणाऱ्या भागाच्या) आकारावर आणि लेन्सवरही तितकाच अवलंबून असतो.

दुपारी फोन मंद चालू लागला, स्क्रीन आपोआप अंधुक झाली किंवा चार्जिंग मध्येच थांबले, की फोन बिघडला असे समजून लोक दुरुस्तीला धावतात आणि कित्येकदा चांगली बॅटरी बदलून येतात. वास्तविक तापलेला फोन स्वतःला वाचवण्यासाठी प्रोसेसरचा वेग आणि स्क्रीनचा उजेड कमी करतो, तर लिथियम-आयन बॅटरी गरम असताना चार्ज केल्यास लवकर खराब होते म्हणून चार्जिंग रोखतो. अशा वेळी चार्जर काढावा, जाड कव्हर उतरवावे आणि फोन सावलीत, पंख्याच्या वाऱ्यात ठेवावा. फ्रीजमध्ये मुळीच ठेवू नये, कारण आत दमट हवेचे पाणी होऊन सर्किटवर बसते. शेतातल्या पत्र्याच्या खोलीत, मोटारीच्या स्टार्टरपेटीवर फोन दिवसभर चार्जिंगला लावून ठेवण्याची सवय तर सर्वांत घातक आहे, कारण उष्णता आणि पूर्ण भरलेली बॅटरी या दोन्ही गोष्टी एकत्र आल्या की तिची क्षमता झपाट्याने घटते. चार्जिंग ८० टक्क्यांवर थांबवण्याची सोय फोनमध्ये असेल, तर ती उन्हाळ्यात चालू ठेवावी. फोनची पाठ फुगून उचलली गेली असेल, तर तो दाबून बसवू नये. लगेच बंद करून जाणकाराकडे न्यावा.

बॅटरी लवकर उतरते, या तक्रारीचे दुसरे कारण रेंज हे आहे. टॉवर दूर असला की फोनला जास्त ताकदीने सिग्नल पाठवावा लागतो, त्यामुळे धडगाव-अक्कलकुव्याच्या डोंगराळ पट्ट्यात तोच फोन धुळे शहरातल्यापेक्षा लवकर रिकामा होऊ शकतो. मोबाईल सिग्नलच्या ७०० ते ९०० मेगाहर्ट्झच्या लहरी लांब जातात आणि भिंतींतूनही बऱ्यापैकी शिरतात. ३३०० मेगाहर्ट्झच्या ५जी लहरींचा पल्ला त्या मानाने कमी असतो. म्हणून खोक्यावर नुसते ‘५जी’ पाहून फोन घेणे चूक आहे. जिओची ५जी सेवा आणि बीएसएनएलची ४जी सेवा ७०० मेगाहर्ट्झवरही चालते, तेव्हा त्या सेवेसाठी तो बँड (लहरींचा पट्टा) फोनमध्ये आहे का, हे विचारून घ्यावे. ५जी सतत येत-जात असेल, तर सेटिंगमध्ये ४जी निवडावे, बॅटरीही वाचते.

‘८+८ जीबी रॅम’ (रॅम म्हणजे चालू कामांसाठीची वेगवान मेमरी) या जाहिरातीतली दुसरी आठ जीबी ही स्टोरेजमधून, म्हणजे फोटो-फाइल साठवण्याच्या जागेतून, उसनी घेतलेली असते, तिच्यासाठी जादा पैसे देऊ नयेत.

वापरलेला फोन घेताना *#०६# दाबून १५ अंकी आयएमईआय (फोनचा स्वतंत्र ओळख क्रमांक) पाहावा आणि तो बिलाशी जुळवावा. त्यानंतर इंग्रजी अक्षरांत केवायएम (KYM) लिहून, एक जागा सोडून तो क्रमांक १४४२२ वर एसएमएस करावा. उत्तरात क्रमांक (चोरीला गेलेल्या किंवा बंद केलेल्या फोनच्या) काळ्या यादीत दिसला, तर किंमत कितीही कमी असली तरी तो फोन घेऊ नये.