अमेरिकेतले नागरी हक्क शिकताना आधी विचारा: हे केलं कोणी?

भारतीय राज्यघटना चांगली घोटून आलेल्या विद्यार्थ्यांना अमेरिकेची केंद्रीय न्यायव्यवस्था आणि नागरी हक्क हा विषय सुरुवातीला सोपा वाटतो. मूलभूत हक्क, न्यायालयीन पुनर्विलोकन, सर्वोच्च न्यायालय, सगळे शब्द ओळखीचे असतात. पण ओळखीच्या शब्दांमागची रचना वेगळी आहे. ते उशिरा लक्षात आलं तर निम्मं सत्र वाया जातं.

न्यायालयांची माहिती लवकर होते. ९४ जिल्हा न्यायालयं, १३ अपील न्यायालयं आणि वर ९ न्यायमूर्तींचं सर्वोच्च न्यायालय. नेमणूक राष्ट्राध्यक्षांची, मंजुरी सेनेटची, निवृत्तीचं वय नाही. प्रकरण सुनावणीला घ्यायला चार न्यायमूर्तींची संमती पुरते. दोन सवयी मात्र सोडा. एक, राज्यांची न्यायालयं ही केंद्रीय उतरंडीची खालची पायरी नाही. ती वेगळीच उतरंड आहे आणि राज्याच्या कायद्याचा अर्थ काय, यावर राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाचा शब्द शेवटचा. दोन, आपल्या कलम १४३ सारखा सर्वोच्च न्यायालयाचा सल्ला इथे राष्ट्राध्यक्षांना मागता येत नाही, आणि जनहित याचिकेच्या धर्तीवर कोणीही उठून केंद्रीय न्यायालयात जाऊ शकत नाही. स्वतःचं प्रत्यक्ष नुकसान दाखवावंच लागतं.

आता खरा खड्डा. हक्कांची सनद, म्हणजे १७९१ च्या पहिल्या दहा दुरुस्त्या, मुळात फक्त केंद्र सरकारला बांधत होत्या. राज्यांना नाही. आपल्याकडे कलम १२ उघडलं की केंद्र, राज्य, महापालिका सगळे एकदमच 'राज्य' या व्याख्येत बसतात, त्यामुळे हा प्रश्न कधी डोक्यातच येत नाही. बाल्टिमोर शहरातल्या बॅरन नावाच्या धक्कामालकानं तो विचारला होता. शहराच्या कामांमुळे ओढ्यांचे प्रवाह वळले, त्याच्या धक्क्यापाशी गाळ साचला, जहाजं लागेनात. पाचव्या दुरुस्तीखाली त्यानं भरपाई मागितली. १८३३ मध्ये न्यायमूर्ती मार्शल यांनी सांगितलं की ही दुरुस्ती केंद्रासाठी आहे, शहराविरुद्ध ती चालणार नाही.

पुढे यादवी युद्धानंतर, १८६८ मध्ये, चौदावी दुरुस्ती आली. तिच्यातल्या 'योग्य कायदेशीर प्रक्रिया' या कलमातून सनदेतला एकेक हक्क राज्यांना लागू होत गेला. एकेक, हे पक्कं लक्षात ठेवा. गिडियनचा खटला शेजारी ठेवून पाहा. वकील मिळण्याचा हक्क सहाव्या दुरुस्तीत १७९१ पासून आहे. गरीब आरोपीला केंद्रीय न्यायालयात सरकारी खर्चानं वकील द्यायचा, हे १९३८ मध्ये ठरलं. तरी १९४२ च्या बेट्स खटल्यात राज्यांवर सरसकट तसं बंधन घालायला सर्वोच्च न्यायालयानं नकार दिला. फ्लोरिडात गिडियनला वकील नाकारला गेला, त्यानं तुरुंगातून हातानं लिहून अर्ज पाठवला, आणि १९६३ मध्ये बेट्सचा निकाल रद्द झाला. हक्काची भाषा तीच, पण आरोपी कोणाच्या न्यायालयात उभा आहे यावर सगळं अवलंबून होतं. शस्त्र बाळगण्याच्या हक्काचंही तसंच. २००८ चा हेलर खटला वॉशिंग्टन डी. सी. चा, म्हणजे केंद्राच्या अखत्यारीतला. शिकागोसाठी २०१० मध्ये मॅकडोनाल्ड हा खटला वेगळा लढवावा लागला.

राज्यांच्या शाळांमधल्या वंशभेदाचा ब्राऊन खटला सगळ्यांना पाठ असतो. त्याच दिवशी, १७ मे १९५४ ला, डी. सी. मधल्या शाळांचा बोलिंग विरुद्ध शार्प हाही निकाल लागला. डी. सी. हे राज्य नाही, त्यामुळे चौदाव्या दुरुस्तीतलं 'समान संरक्षण' तिथे लागू होत नव्हतं. न्यायालयाला केंद्राला बांधणाऱ्या पाचव्या दुरुस्तीकडे जावं लागलं. ही जोडी समजली तर घाबरू नका, विषयाचा कणा हाताला लागला.

केंद्र आणि राज्य सोडून तिसरी शक्यताही असते: भेदभाव खासगी माणसानं केलेला असतो. आपलं कलम १५(२) दुकानं, हॉटेलं यांनाही धरतं आणि अस्पृश्यतेवर बंदी घालणारं कलम १७ व्यक्तीलाही सोडत नाही. चौदावी दुरुस्ती तिथपर्यंत पोचत नाही, हे १८८३ मध्येच ठरलं. म्हणून १९६४ चा नागरी हक्क कायदा लागला. त्याच वर्षी अटलांटातल्या मोटेलच्या खटल्यात तो टिकला, तो आंतरराज्य व्यापाराच्या अधिकारावर. उत्तरपत्रिकेत इथे 'समान संरक्षण' लिहिलंत तर गुण गेलेच म्हणून समजा.

खटल्यांचे तयार तक्ते फिरत असतात. माझं स्पष्ट मत आहे, सुरुवातीला त्यांना हात लावू नका. त्यात नाव, साल, निकाल असतो. कोणाविरुद्ध आणि कोणत्या कलमाखाली, हे बहुधा गाळलेलं असतं. 'वरचा सारांश वाचला की झालं' असं सांगणाऱ्या सीनियरांचंही ऐकू नका. निकालपत्राच्या सुरुवातीचा तो सारांश न्यायालयाच्या मताचा भाग नसतो, वाचकांच्या सोयीसाठी न्यायालयाचे अधिकारी तो तयार करतात. त्यातून उद्धृत करणं चूकच.

प्रत्येक खटल्याला एकच पान द्या. अगदी वर तीनपैकी एक शब्द: केंद्र, राज्य की खासगी. खाली कलम, तीन-चार ओळींत घटना, हो किंवा नाही असं उत्तर येईल असा एक प्रश्न, निकाल, कारणं, आणि भिन्नमतासाठी दोन ओळी. बहुमत कसं बनलं तेही तपासा. मॅकडोनाल्डमध्ये पाच विरुद्ध चार असा निकाल लागला, पण त्या पाचांपैकी चौघे योग्य प्रक्रियेच्या मार्गानं गेले आणि न्यायमूर्ती थॉमस यांनी चौदाव्या दुरुस्तीतलंच दुसरं कलम धरलं. पहिल्या एक-दोन निकालपत्रांना अख्खी संध्याकाळ जाते. जाऊ द्या, पुढे वेग आपोआप येतो.

वाचनाचा क्रम बॅरन, गिडियन, मॅकडोनाल्ड असा ठेवा. मग ब्राऊन आणि बोलिंग एकाच बैठकीत, आणि त्यानंतरच अटलांटाचं मोटेल.