बंबाचा धूर कमी कसा करायचा

आंघोळीचं पाणी तापवायच्या बंबाचा धूर म्हणजे न जळता निसटलेलं लाकूड. वाळलेलं लाकूड तापलं की त्याचा सुमारे तीन-चतुर्थांश भाग वायू होऊन बाहेर पडतो. तो ज्वाळेत सापडला तर जळतो. नाही तर धूर, काजळी आणि कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू होऊन जातो. बंबात हे जास्त घडतं, कारण ज्यात सरपण जळतं त्या मधल्या उभ्या नळ्याभोवती पाणी असतं. पाणी उकळलं तरी नळ्याचा पत्रा शंभर अंशांच्या फारसा वर जात नाही, आणि अशा थंड पत्र्याला टेकलेली ज्वाळा विझते. म्हणून नळा गच्च भरू नका. तळाचा तिसरा हिस्सा भरला की पुरे.

लाकूड किती लागतं, याचा हिशेब सोपा आहे. 20 लिटर पाणी 20 अंशांवरून 45 अंशांवर न्यायला सुमारे 2,100 किलोज्यूल लागतात. वाळलेलं लाकूड किलोमागे साधारण 15,000 देतं. त्यातलं निम्म्याहून जास्त वरून निघून गेलं असं धरलं, तरी 350 ते 400 ग्रॅममध्ये काम होतं. एकदा काट्यावर तोलून बघाच. अंदाजाने घातलेलं सरपण बहुधा बरंच जास्त भरतं.

खरी गोम ओलाव्यात आहे. ताज्या तोडीच्या लाकडात निम्मं वजन पाण्याचं असू शकतं, आणि ते पाणी उडेपर्यंत आग तापतच नाही. ओलावा 20 टक्क्यांच्या खाली हवा. लाकूड 3-4 सेंटिमीटर जाड, वीतभर लांब फोडा, विटांवर रचा, वर पत्रा टाका, बाजू उघड्या ठेवा. सालासकट अख्खे ओंडके वर्षभर ठेवले तरी आतून ओलेच राहतात. एका ढलपीवर खूण करून दर आठवड्याला तिचं वजन करा. उन्हाळ्यात लागोपाठ दोनदा तेच आलं, की ढीग तयार. दोन ढलप्या एकमेकींवर आपटल्या की टणटणीत वाजल्या पाहिजेत. पावसाळ्यात वाळलेलं लाकूडही हवेतला दमटपणा ओढतं, तेव्हा दोन-तीन दिवसांचं सरपण घरात आणून ठेवा.

आता पेटवायचं. आधी बंबात पाणी भरा. कोरडा बंब पेटवला तर सांध्यांची झाळ वितळून सुटते. जाळीवरची राख झाडा, खालचा कप्पा रिकामा करा, नाही तर हवा वर चढत नाही. ढलप्या तळाशी उभ्या सोडा आणि तुराट्यांची किंवा पऱ्हाट्यांची पेटती जुडी त्यांच्यावर टाका. आपला चेहरा बाजूला ठेवा. विस्तव वरून खाली उतरत गेला की खालून सुटणारा वायू ज्वाळेतूनच वर जातो. खालून पेटवलं, तर वरचं सगळं सरपण एकदम धुमसतं.

नंतर एका वेळी एक-दोनच ढलप्या घाला, आणि ज्वाळा जिवंत असतानाच. नुसते निखारे उरले असतील तर आधी एखादी तुराटी पेटू द्या. करवंटी झकास जळते, पण चार-पाच एकदम टाकल्या तर काळा धूर हमखास. नारळाची सोडणं धुमसत राहतात. ती थोडी थोडी घाला. दुधाच्या पिशव्या, टायरचे तुकडे, रंगवलेलं लाकूड, प्लायवूड बंबात नको. पीव्हीसी प्लास्टिकच्या धुरातून तर हायड्रोक्लोरिक आम्ल आणि विषारी डायॉक्सिन निघतात.

पेटवल्यावर पाचेक मिनिटं धूर दिसणारच. त्यानंतरही पांढरा दाट धूर येत असेल तर सरपण ओलं आहे किंवा ज्वाळा विझली आहे. काळा असेल तर हवा कमी पडते किंवा भर जास्त झाली आहे. धग दिसते पण धूर जवळजवळ दिसत नाही, असं झालं की जमलं.

नळ्यातली काजळी आठवड्यातून एकदा, बंब गार असताना तारेच्या ब्रशने खरवडा. तिचा थर उष्णता अडवतो, मग लाकूड वाढतं. नळ्याला हवेसाठी भोकं पाडायचा मोह आवरा, पाणीच गळेल. हवेची ओढ कमी वाटत असेल तर वर नळ्याइतक्याच रुंदीचा मीटर-दीड मीटर पत्र्याचा पाइप बसवा. छपरातून नेणार असाल तर तो लाकडाला आणि ताडपत्रीला टेकता कामा नये.

बंब न्हाणीघरात दार लावून पेटवू नका. धूर थांबल्यावर उरलेले निखारे जास्त फसवे: त्यांतून कार्बन मोनॉक्साइड निघतो, आणि त्याला वास नसतो. निखारे पूर्ण विझेपर्यंत नळ्यावर झाकण घालू नका, आणि पाणी बादलीत काढून बंबापासून दूर नेऊन आंघोळ करा.