‘इथे राहत होते’ लिहायच्या आधी : खानदेशातल्या गावात स्मृतिफलक कसे लावायचे

आपल्याकडे पुतळ्यासाठी वर्गणी पटकन निघते, चौकाला नाव तर त्याहून पटकन दिलं जातं, पण तो माणूस ज्या घरात राहिला, ज्या शाळेत शिकवायचा त्या भिंतीवर मात्र क्लासेसची नाहीतर प्लॉट विक्रीची पाटी असते. नव्या पोरांना मग चौकाचं नाव पाठ असतं, पण त्या माणसाचा गावाशी संबंध काय हे विचारलं की गप्प. स्मृतिफलक नेमकं एवढंच काम करतो, ‘हा मोठा माणूस’ हे नाही तर ‘हा इथे होता आणि इथे हे केलं’ हे सांगतो. पूर्ण योजना चालवताना हे एक वाक्य डोक्यात ठेवा, अर्धी भांडणं तिथेच मिटतील.

ही कल्पना नवी नाही. लंडनमध्ये १८६३ साली एका खासदाराने पार्लमेंटमध्ये मांडली, १८६६ ला योजना सुरू झाली आणि १८६७ ला पहिला फलक कवी बायरनच्या जन्मघरावर लागला (ते घर १८८९ ला पाडलं, फलकही गेला, हा मुद्दा पुढे कामाला येणार आहे). तिथल्या निळ्या गोल पाट्यांत आपले टिळक आहेत, दादाभाई नौरोजी आहेत. पुण्यातही जुन्या वाड्यांवर अशा निळ्या पाट्या दिसतात. मग जळगाव, धुळे, नंदुरबारात का नको भो?

पहिलं काम म्हणजे समिती, पण मोठी नको, पाच-सात माणसं बास. त्यात एखादे रिटायर तलाठी नाना नक्की घ्या कारण जुने कागद कुठे असतात ते त्यांनाच माहीत, वाचनालयाचे ग्रंथपाल घ्या, इतिहासाचे एखादे सर किंवा मॅडम, बांधकाम कळणारा कोणीतरी, आणि बायका नावापुरत्या नाही तर निर्णयाला बसणाऱ्या घ्या. पैसे जमवायचे असतील तर आधीच नोंदणी असलेल्या वाचनालयाच्या किंवा मंडळाच्या खात्यातून व्यवहार करा, कोणाच्या पर्सनल क्यूआर कोडवर वर्गणी घेऊ नका, नंतर कितीही हिशोब दाखवला तरी लोक बोलतातच.

दुसरं काम नियम, आणि हे नावं ठरवायच्या आधी कागदावर लिहून सह्या करायच्या. आधी नावं आणि मग नियम असं केलं की प्रत्येक नियम कोणाच्या तरी आजोबांना बसवण्यासाठी वाकतो. माझ्या मते चार नियम पुरतात. माणूस जाऊन निदान वीस वर्षं झालेली असावीत, लंडनला हाच आहे आणि तो शहाणपणाचा आहे, कारण गेल्या वर्षी गेलेल्या पुढाऱ्याला नाही म्हणायची हिंमत गावात कोणाकडेच नसते, नियम असला की नियमावर ढकलता येतं. जागा दाखवता आली पाहिजे. जागेशी असलेलं नातं कागदाने सिद्ध झालं पाहिजे. आणि एका गावात एका माणसाचा एकच फलक. अजून एक पोटनियम, ज्याचा नातेवाईक समितीत आहे त्याने त्या नावावर चर्चा चालू असताना बाहेर चहा प्यायला जायचं.

आता नावं. गावाला यादी मागितली की पहिल्या फटक्यात महाराज, पुढारी आणि स्वातंत्र्यसैनिक पुरुष येतात, ते यावेतच, पण यादी तिथे थांबू देऊ नका. चाळीसगावला केकी मूस होते, मुंबईत जन्मलेला हा फोटोग्राफर स्टेशनजवळच्या आपल्या बंगल्यात कित्येक वर्षं जवळपास कोंडून घेऊन काम करत राहिला, १९८९ ला गेला. अमळनेरला प्रताप शेठ, ज्यांच्यामुळे १९१६ साली तिथे तत्त्वज्ञान मंदिर उभं राहिलं. सातपुड्यात १८५७-५८ च्या उठावातले खाज्या नाईक, भूमिगत चळवळीतल्या लीलाताई पाटील. नंदुरबारला शिरीषकुमारचं स्मारक आहेच, तिथे परत फलक लावायची गरज नाही, पण ९ सप्टेंबर १९४२ च्या त्याच गोळीबारात लालदास, धनसुखलाल, शशीधर, घनश्याम अशी बाकीची पोरंही गेली, ती कोणत्या गल्लीत राहायची, कोणत्या शाळेत जायची हे शोधलं तर ते खरं काम होईल.

सगळ्यात जास्त वेळ पुराव्याला द्या, हा भाग मी मुद्दाम लांबवतोय कारण घोळ इथेच होतात. साने गुरुजींचंच घ्या. अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये ते १९२४ ते १९३० शिक्षक होते, त्यामुळे तिथला फलक तेवढंच बोलेल. ‘श्यामची आई’ इथे लिहिली असं कोणी भावनेच्या भरात घालायला सांगेल, पण ती १९३३ ची नाशिक जेलमधली. धुळे जेलमध्ये १९३२ साली विनोबांनी गीतेवर प्रवचनं दिली आणि ती गुरुजींनी उतरवून घेतली, तो मान धुळ्याचा. गुरुजी जन्मले कोकणात पालगडला, म्हणजे ‘खानदेशचे सुपुत्र’ हे शब्दही फलकावर नको. एकाच माणसाचे तीन गावांत तीन तुकडे, प्रत्येक गावाने आपलाच तुकडा सांगायचा.

भास्कराचार्यांचं तर अजून नाजूक. चाळीसगावजवळ पाटणला जो शिलालेख आहे त्यात त्यांचा नातू चांगदेव याने आजोबांच्या ग्रंथांच्या अभ्यासासाठी मठ काढला, त्याला दान मिळालं असं आहे, शके ११२८ चा उल्लेख आहे. म्हणजे पाटणचा संबंध पक्का. पण ‘भास्कराचार्यांची जन्मभूमी’ असं लिहायला गेलात तर अभ्यासकांत वाद आहे, त्यांनी स्वतः सांगितलेलं विज्जलविड नेमकं कुठलं यावर एकमत नाही. मग जे दगडावर कोरलेलं आहे तेच फलकावर लिहा, कोणाच्या बापाची हरकत येणार नाही.

तारखांचं पण तसंच. जुन्या पिढीत तिथी माहीत असते, इंग्रजी तारीख नंतर कोणीतरी बसवलेली असते. बहिणाबाईंचा जन्म नागपंचमीचा सांगतात आणि इंग्रजी तारीख मात्र वेगवेगळ्या ठिकाणी वेगवेगळी छापलेली सापडते. शंका असेल तर जुनी जंत्री (तिथी-तारखांचं कोष्टक) बघून तिथी ताडून घ्या, शक सालात ७८ मिळवले की इसवी सन येतो (पौषाच्या पुढे ७९ होऊ शकतात), आणि तरी पटलं नाही तर फलकावर फक्त १८८०–१९५१ अशी सालं टाका. दुसरं, त्यांच्या कवितेला सरसकट ‘अहिराणी’ म्हणू नका, ती लेवा गणबोली आहे, असोदा-जळगावची माणसं ते लगेच पकडतील आणि बरोबरच पकडतील. असोदा माहेर, जळगाव सासर, दोन गावं म्हणून दोन फलक नियमात बसतात.

कागद शोधायचे कुठे? शाळेचं जनरल रजिस्टर सगळ्यात भारी, जन्मतारीख आणि राहायचं ठिकाण दोन्ही मिळतं. गावाच्या जन्म-मृत्यूसाठी तहसीलला जुनी कोतवाल बुकं. घरासाठी शहरात सिटी सर्व्हेचं प्रॉपर्टी कार्ड, खेड्यात ग्रामपंचायतीचा नमुना ८. धुळ्याला राजवाडे संशोधन मंडळ आणि समर्थ वाग्देवता मंदिर या दोन जागा सोडूच नका (इतिहासकार वि. का. राजवाडे स्वतः १९२६ च्या ३१ डिसेंबरला धुळ्यातच गेले). आणि १८८० चं खानदेश गॅझेटियर चाळा. शोधताना एक लक्षात असू द्या, १९०६ ला खानदेशचे पूर्व आणि पश्चिम असे दोन जिल्हे झाले, पूर्व म्हणजे आजचं जळगाव, पश्चिम म्हणजे धुळे, आणि नंदुरबार तर १९९८ ला वेगळा झाला, त्यामुळे नंदुरबारचा जुना कागद धुळ्यात सापडू शकतो, आणि जुन्या कागदावर जळगाव जिल्हा शोधत बसलात तर तो मिळणारच नाही. घरच्या म्हाताऱ्या माणसांच्या आठवणी रेकॉर्ड करा, मोलाच्या असतात, पण नुसत्या आठवणीवर फलक नको, सोबत एक तरी कागद पाहिजे.

परवानगीत पहिला माणूस घरमालक. त्याला भीती एकच असते, उद्या सरकार घर हेरिटेज म्हणून ताब्यात घेईल का. आपल्या फलकाने घराला कुठलाही कायदेशीर दर्जा मिळत नाही हे त्याला साध्या मराठीत लिहून द्या आणि त्याच कागदावर संमती घ्या, वाड्यात चार भाऊ हिस्सेदार असतील तर चौघांच्या सह्या, पुण्याला गेलेल्या काकांचीसुद्धा. त्यात एक कलम घालाच, घर पाडायची वेळ आली तर फलक काढून समितीला द्यायचा आणि नवीन बांधकामावर ‘या जागी असलेल्या घरात’ असा बदल करून परत लावू द्यायचा. बायरनच्या घराचं सांगितलं ते यासाठी.

बाकी सार्वजनिक भिंत असेल तर नगरपालिका किंवा ग्रामपंचायतीचा ठराव, शाळा असेल तर संस्थाचालकांचं पत्र. बालकवी ठोमरे १९१८ साली भादलीजवळ रेल्वे अपघातात गेले, तिथे स्टेशनवर काही लावायचं तर रेल्वेच्या भुसावळ विभागाकडे अर्ज लागतो, वेळ जातो, धीर धरा. त्यापेक्षा त्यांच्या जन्मगावी धरणगावला सुरुवात करणं सोपं. संरक्षित स्मारकाच्या १०० मीटरमध्ये नवीन बांधकामाला बंदी असते आणि त्यापुढे अजून २०० मीटर नियंत्रित क्षेत्र, म्हणून पाटणसारख्या ठिकाणी खांब रोवायच्या आधी पुरातत्त्वला आणि वनखात्याला विचारा.

मजकूर छोटा. तीस शब्दांच्या आत बसवा, असा काहीतरी :

पांडुरंग सदाशिव साने (साने गुरुजी)
१८९९–१९५०
लेखक, शिक्षक, स्वातंत्र्यसैनिक
१९२४ ते १९३० या शाळेत शिक्षक होते

एवढंच. ‘थोर’, ‘महान’, ‘वंदनीय’ काढून टाका, फलक लागला यातच ते आलं. आणि अवघड गोष्ट असेल तर गुळमुळीत करू नका. १९२९ ला चाळीसगावात टांग्याच्या अपघातात डॉ. आंबेडकर जखमी झाले, टांगेवाला अस्पृश्य माणसाला न्यायला तयार नव्हता म्हणून वस्तीतल्याच नवख्या माणसाला टांगा हाकावा लागला, हे त्यांनी स्वतः लिहून ठेवलंय. तिथे कधी फलक झाला तर त्यावर नुसतं ‘भेट दिली’ नको, कारणही पाहिजे.

उद्घाटक, सौजन्य, मा. अमुक तमुक यातलं एकही नाव फलकावर नाही, हा नियम पहिल्याच मीटिंगला पास करून ठेवा. देणगीदाराला छान प्रमाणपत्र द्या, स्टेजवर शाल-नारळ द्या, पण भिंतीवर नाही. नाहीतर साने गुरुजी बारीक अक्षरात आणि नगरसेवक ठळक असा फलक तयार होतो, आणि आचारसंहिता लागली की त्यावर कागद चिकटवायची वेळ येते ती वेगळीच.

बनवताना फ्लेक्सचा विचारच नको, मे महिन्यात पारा ४५ ला गेल्यावर एका उन्हाळ्यात उडतो, चिकटवलेली विनाइल अक्षरं पण सोलून निघतात. पितळ दिसतं देखणं पण भंगारात जातं. काळा ग्रॅनाइट, खोल कोरीव अक्षरं आणि त्यात पांढरा रंग, हे आपल्या हवेला टिकतं. दीड फूट बाय एक फूट पुरतो, अक्षरं निदान एक इंच ठेवा म्हणजे रस्त्यावरून वाचता येईल, आणि ओळींत अंतर जास्त सोडा कारण वरची वेलांटी आणि खालचा उकार एकमेकांत घुसतात. खरी कटकट फॉन्टची आहे, कोरणाऱ्याचं सॉफ्टवेअर जुन्या फॉन्टवर चालतं आणि तुमचा युनिकोड मजकूर तिथे गेला की जोडाक्षरं फुटतात, ‘त्र्यंबक’चं काहीही होऊ शकतं. म्हणून मजकूर आउटलाइन करून (म्हणजे अक्षरांचे फॉन्टवर न चालणारे आकार करून) पीडीएफमध्ये द्या, मूळ मापाची कागदी प्रिंट काढा, समितीबाहेरच्या दोन माणसांकडून वाचून घ्या, त्यावर सही करा आणि मगच दगडाला हात लावू द्या.

बसवताना भिंत बघा. धाब्याच्या जुन्या घराची मातीची भिंत ग्रॅनाइटचं वजन पेलत नाही, फास्टनर दोन पावसाळ्यांत ढिला होतो, तिथे भिंतीला हात न लावता दारालगत छोटा खांब घ्या. विटांची पक्की भिंत असेल तर चार कोपऱ्यांना स्क्रू, उंची डोळ्यांच्या जरा वर, आणि पन्हाळीखाली अजिबात नको.

लागल्यानंतर प्रत्येक फलकाला नंबर द्या, फोटो आणि लोकेशन घ्या, गूगल मॅपवर टाका. वर्षातून एकदा चक्कर मारा, ती दिवाळीनंतर मारा, कारण दिवाळीच्या रंगकामात पेंटर फलकावरून पण ब्रश फिरवतो, रंग ओला असताना पुसला तर निघतो. कोणी चूक दाखवली आणि ती कागदाने पटली तर दगड बदला, त्यासाठी वर्गणीतून थोडे पैसे सुरुवातीलाच बाजूला ठेवा. पुरावे, संमतीपत्रं, ठराव यांची एक फाइल वाचनालयात ठेवा आणि दुसरी स्कॅन करून ठेवा, समिती बदलली की नवीन माणसं पहिल्यांदा तीच मागतात.