हायब्रिड ऑफिस आणि ‘लोक खूश आहेत का?’: या चुका टाळा

हायब्रिड ऑफिसात, म्हणजे काही दिवस ऑफिस आणि काही दिवस घरून काम असतं तिथे, लोक खूश आहेत का हे शोधायचं ठरलं की एचआरमधलं नवं पोरगं त्याच दुपारी फॉर्म बनवून मोकळं होतं. तिथेच माशी शिंकते.

सर्व्हे म्हणायचा निनावी आणि विचारायचं सगळंच: विभाग, ग्रेड, वय, लिंग, नोकरीची वर्षं. हिंजवडीतल्या एका मोठ्या आयटी कंपनीत टेस्टिंगच्या टीममध्ये एकच बाई होती. तिने लिहिलं, ‘सहाचा क्लायंट कॉल साडेसातपर्यंत चालतो आणि पाळणाघर सातला बंद होतं.’ एक्सेल शीट जशीच्या तशी मॅनेजरकडे गेली. त्याने फिल्टर लावला. पुढच्या मीटिंगमध्ये साहेब हसत म्हणाले, “चला, लवकर आवरू या, मॅडमना पाळणाघर गाठायचंय.” पुढच्या सर्व्हेत त्या अख्ख्या मजल्याने पाचपैकी पाच दिले. डॅशबोर्ड हिरवागार, आणि वरच्या मंडळींनी केक कापला!

दहापेक्षा कमी उत्तरं आलेल्या गटाचा आकडा मी वेगळा दाखवतच नाही, मोठ्या गटात मिसळतो. लिहून दिलेली उत्तरं स्वतः वाचतो आणि माणूस ओळखू येईल असं सगळं काढून मगच पुढे पाठवतो. याला वेळ लागतो. ज्यांना संध्याकाळपर्यंत रिपोर्ट हवा असतो त्यांनी सर्व्हेच घेऊ नये.

दुसरी खोड म्हणजे शेजारच्या कंपनीचे दिवस उचलणं. २०२३ च्या अखेरीस टीसीएसने आठवड्याला पाच दिवस ऑफिस सांगितलं, विप्रोने तीन. कुणाचं बरोबर, यावर वाद घालत बसू नका. तुमच्या टीमला एकत्र बसायची गरज कधी पडते ते बघा. नाहीतर माणूस वाकडच्या ट्रॅफिकमधून येतो, कार्ड स्वाइप करतो आणि हेडफोन लावून बंगळुरूच्या सहकाऱ्याशी टीम्सवर बोलत बसतो.

सरासरीवर भाळू नका. ट्रिपडॉटकॉम या प्रवास-बुकिंग कंपनीने चीनमध्ये आपल्या १,६१२ जणांवर प्रयोग केला; निम्म्यांना बुधवारी आणि शुक्रवारी घरून काम दिलं. निष्कर्ष २०२४ मध्ये ‘नेचर’ या विज्ञानपत्रिकेत छापून आले: नोकरी सोडण्याचं प्रमाण एक तृतीयांशाने घटलं आणि बढत्यांवर परिणाम झाला नाही. पण ही घट मुख्यतः महिला, मॅनेजर नसलेले आणि लांबून येणारे यांच्यात होती. तुमच्या सरासरीत हेच लोक बुडून जातात.

फ्लेक्झी टायमिंग देऊन नऊला स्टँडअप, म्हणजे टीमची रोजची छोटी मीटिंग, ठेवू नका.

पन्नास किंवा जास्त कर्मचारी असतील तर मातृत्व लाभ कायद्याच्या २०१७ च्या दुरुस्तीने पाळणाघराची सोय सक्तीची केली. ‘वेलनेस उपक्रम’ म्हणून त्याचे फोटो टाकू नका.

आणि एग्झिट इंटरव्ह्यूवर, म्हणजे नोकरी सोडताना घेतात त्या मुलाखतीवर, फार विसंबू नका. रिलीव्हिंग लेटर हातात पडेपर्यंत प्रत्येक जण ‘बेटर ऑपॉर्च्युनिटी’च लिहितो. मी दोन-तीन महिन्यांनी फोन करतो.