तिखट सिकंजबीन: व्हिनेगर, मध आणि आलं-लसणाची बरणी

लोणचं घालता येणाऱ्या माणसाला यात नवीन फार काही नाही. फोडी कोरड्या, बरणी कोरडी, खार फोडींच्या वर. नियम तेच. फरक इतकाच, की इथे मीठ-तेलाचं काम व्हिनेगर करतं आणि शेवटी फोडी बाजूला काढून खार प्यायचा असतो. त्या खारात मध मिसळला की सिकंजबीन तयार. सिर्का म्हणजे व्हिनेगर आणि अंगबीन म्हणजे मध, असे दोन फारसी शब्द त्यात आहेत. ग्रीक वैद्य यालाच ऑक्सिमेल म्हणत. कांदा, लसूण, मिरची घातलेला जहाल प्रकार अमेरिकेत रोझमेरी ग्लॅडस्टार या वनौषधी शिकवणाऱ्या बाईंनी १९८०च्या दशकात ‘फायर सायडर’ नावानं लोकप्रिय केला. खाली मुख्य कृती त्याच धर्तीची आहे, पण सोलापूरच्या मंडईत जे मिळतं त्यातून.

आधी एक धोक्याची गोष्ट. मूळ अमेरिकी कृतीत हॉर्सरॅडिश नावाचं झणझणीत मूळ असतं. शेवग्यालाही इंग्रजीत ‘हॉर्सरॅडिशचं झाड’ म्हणतात, म्हणून काही जण शेवग्याचं मूळ खणून बरणीत घालतात. ते करू नका. शेवग्याच्या मुळाच्या सालीत विषारी द्रव्यं असतात. हॉर्सरॅडिशचा नाकात जाणारा झणका आपल्या काळ्या मोहरीतही तोच असतो, तेव्हा मोहरी वापरा.

सगळा खेळ व्हिनेगरवर आहे. बाटलीवर आम्लता किती टक्के लिहिली आहे ते वाचल्याशिवाय घेऊ नका. ५ टक्के हवी. हा आग्रह का, ते हिशेबानं पाहा. ७५० मिली व्हिनेगर ५ टक्क्यांचं असेल तर त्यात साडेसदतीस ग्रॅम आम्ल आलं. त्यात आपण साधारण ३६५ ग्रॅम ओला माल घालणार आहोत, म्हणजे जवळजवळ २९० मिली पाणी. आल्या-कांद्यातलं हे पाणी हळूहळू बाहेर येतं आणि बरणीतली आम्लता ३.६ टक्क्यांवर उतरते. एवढी पुरते. तोच माल ४ टक्क्यांच्या व्हिनेगरमध्ये घातला तर ती २.९ होते आणि बुरशीला आशा वाटू लागते. म्हणून ओला माल व्हिनेगरच्या निम्म्याहून जास्त कधीही नको, आणि व्हिनेगरमध्ये पाणी घालून ‘पुरवून’ तर मुळीच नको.

सफरचंदाचं किंवा उसाचं, आंबवून केलेलं व्हिनेगर चवीला उत्तम. चायनीजच्या गाड्यावर दिसतं ते पांढरं व्हिनेगर बहुतेक वेळा कृत्रिम असतं, लेबलवर ‘सिंथेटिक’ असं लिहिलेलं असतं. त्यानं माल टिकतो, पण घशाला ओरखडा काढणारी चव मधानंही झाकत नाही. व्हिनेगर ‘मदर’वालं, म्हणजे तळाशी गढूळ साका असलेलं, घ्या किंवा गाळलेलं, अर्क दोन्हींत सारखाच उतरतो.

दीड लिटरच्या काचेच्या किंवा चिनीमातीच्या बरणीचं प्रमाण असं: आलं १०० ग्रॅम, सोललेला लसूण ५० ग्रॅम, एक मध्यम कांदा (१०० ग्रॅम), ओली हळद ४० ग्रॅम, लवंगी मिरच्या चार-पाच, एक मोठं लिंबू, काळी मोहरी दोन मोठे चमचे, मिरे एक मोठा चमचा, ओवा अर्धा छोटा चमचा. व्हिनेगर ७५० मिली. मध २५० ग्रॅम, पण तो शेवटी. ओली हळद मंडईत थंडीतच चांगली मिळते. उन्हाळ्यात तिच्याऐवजी हळदपूड दोन छोटे चमचे घ्या, फक्त खार गढूळ राहील हे धरून चाला. तुळस, गवती चहा, पुदिना यातलं काही हवं असेल तर एक मूठ, धुऊन सावलीत रात्रभर सुकवलेलं.

बरणी गरम पाण्यानं धुऊन उन्हात पूर्ण वाळवा. सोलापुरात यासाठी तरी उन्हाची कमतरता नाही. आलं आणि हळद आधी धुवायची, पुसायची, तासभर पंख्याखाली ठेवायची आणि मगच चिरायची. चिरून धुतलं तर पाणी फोडीत शिरतं. आलं किसू नका, पातळ चकत्या करा. किसलेलं गाळताना कपड्यात अडकतं आणि अर्धा अर्क चोथ्यातच राहतो. लिंबाची पिवळी साल पातळ सोलून घ्या, पांढरा भाग काढून टाका (कडवटपणा तिथून येतो) आणि आतल्या फोडी बिया काढून घाला.

लसूण आणि मोहरी या दोघांसाठी वेळ पाळावी लागते. लसूण ठेचल्यावरच त्यातलं तिखट द्रव्य तयार व्हायला लागतं, कारण पेशी फुटल्याशिवाय त्यातलं विकर (एन्झाइम) कामाला लागत नाही. मोहरीचंही तसंच, पण तिला पाणीही लागतं. आम्ल पडलं की हे विकर थंडावतं. म्हणून लसूण ठेचून दहा मिनिटं नुसता ठेवा. मोहरी जाडसर कुटून दोन चमचे साध्या गार पाण्यात दहा मिनिटं भिजवा. पाणी गरम नको, त्यानंही विकर मरतं. वाटीत नाक घातल्यावर डोळ्यांत पाणी आलं की मोहरी तयार. लसूण-मोहरी थेट व्हिनेगरमध्ये टाकून ‘तिखटच झालं नाही’ म्हणणारे पुष्कळ भेटतात. चुकतं ते इथेच.

मिरच्यांना उभी चीर द्या आणि त्या वेगळ्या पुरचुंडीत बांधून बरणीत सोडा. मिरचीचा तिखटपणा व्हिनेगरमध्ये सावकाश उतरतो आणि उतरतच राहतो. तिसऱ्या दिवशी चव घ्या. बेताचं वाटलं तर पुरचुंडी काढून घ्या. बाकीचा माल तसाच राहू द्या.

सगळं भरून वरून व्हिनेगर ओता. खार फोडींच्या वर दोन बोटं यायला हवा. ओवा-मिरे तळाला जातात, पण कांदा आणि पानं तरंगतात, आणि जे हवेत डोकं काढतं त्यालाच बुरशी धरते. वर उकळून वाळवलेली छोटी काचेची वाटी दाबून ठेवा. झाकण प्लॅस्टिकचं किंवा काचेचं हवं. पत्र्याचं असेल तर मध्ये बटर पेपर घाला, नाहीतर पंधरा दिवसांत झाकण गंजून थेंब खाली पडतात. तांब्या-पितळेची भांडी, चमचे, गाळण्या यात अजिबात नकोत. आम्लानं तांबं विरघळतं आणि ते पोटात जातं. कल्हई केलेलं आहे म्हणून चालेल, हाही युक्तिवाद नको.

बरणी ठेवायची कुठे, हा इथला खास प्रश्न. एप्रिल-मेमध्ये सोलापूरचा पारा ४२-४३च्या पुढे जातो आणि पत्र्याच्या घरात वरच्या फळीवर त्याहून जास्त तापतं. तिथे बरणी ठेवली तर कांद्या-लसणाला शिजल्यासारखा वास येतो. खालच्या कप्प्यात, माठाच्या शेजारच्या कोपऱ्यात, उजेडापासून दूर ठेवा. उन्हात मुरवायची गरज नाही, हे लिंबाचं लोणचं नव्हे. थंडीत चार आठवडे लागतात. उन्हाळ्यात अर्क लवकर उतरतो, अठरा-वीस दिवस बास. गड्ड्याच्या यात्रेच्या, म्हणजे जानेवारीत संक्रांतीला भरणाऱ्या सिद्धेश्वराच्या यात्रेच्या, थंडीत हाताशी हवं असेल तर डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात बरणी घाला. पहिला आठवडा रोज एकदा हलवा आणि पातळी पाहा: आलं थोडं व्हिनेगर शोषतं, खार खाली गेला तर वरून घाला.

गाळायला जुन्या धोतराचं तलम फडकं चांगलं. टॉवेल, तो कितीही खास सोलापुरी असला तरी, नको. त्याचे तंतू सुटतात. घट्ट पिळून काढा, साधारण ७५० ते ८०० मिली खार हाती येईल. एक रात्र स्थिर ठेवून वरचं निवळ ओतून घेतलं तर जास्त स्वच्छ.

आता मध. खार खोलीच्या तापमानाला असतानाच २५० ग्रॅम मध थोडा थोडा घालून लाकडी चमच्यानं ढवळा. विरघळायला वेळ लागतो, म्हणून भांडं गॅसवर चढवायचा मोह होतो. मधाचा सुगंध तिथेच जातो. मध साखरेसारखा गोठलेला असेल तर बाटली कोमट पाण्यात उभी करा. गोठला म्हणजे भेसळीचा, असं नसतं. पाण्यात थेंब टाकून किंवा काडी पेटवून शुद्धता कळते, हेही खरं नाही. २५० ग्रॅम हे तिखट-आंबट चवीचं प्रमाण. ज्यांना गोडसर हवं त्यांनी ४०० ग्रॅमपर्यंत जावं. बाटलीवर तारीख लिहा. फ्रिजमध्ये सहा महिने चव छान राहते.

बिघाड कसा ओळखायचा? ठेचलेला लसूण निळा-हिरवा पडला तर घाबरू नका, त्यातल्या गंधकाच्या संयुगांची आम्लात होणारी ही क्रिया आहे, खायला काही अपाय नाही. पृष्ठभागावर साबुदाण्याच्या खिरीवर येते तशी गुळगुळीत, जेलीसारखी चकती आली तर ती व्हिनेगरची ‘मदर’, काढून टाका आणि पुढे चला. केसाळ, हिरवट किंवा काळा ठिपका दिसला तर मात्र वरचा थर काढून ‘बाकीचं चांगलं आहे’ म्हणायचं नाही. सगळी बरणी टाकायची. मध घातल्यावर बुडबुडे आले, झाकण उघडताना फस्स झालं, दारूसारखा वास आला, तर आम्लता कमी पडून यीस्ट जागं झालं. नुसत्या मधात पाणी इतकं कमी असतं की यीस्ट वाढत नाही. पातळ केलेला मध त्याची मेजवानी असते. म्हणजे व्हिनेगर सौम्य होतं किंवा माल धुतल्यावर नीट कोरडा केलेला नव्हता.

लसूण नुसत्या मधात किंवा तेलात महिनोन्महिने खोलीत ठेवण्याची कृतीही सगळीकडे फिरते. तिथे व्हिनेगरइतकं आम्ल नसतं आणि बोट्युलिझमच्या, म्हणजे जीवघेण्या अन्नविषबाधेच्या, जंतूला ती जागा चालते. इथे व्हिनेगर आहे म्हणूनच लसूण सुरक्षित आहे.

ओल्या मालाचं झंझट नको असेल तर त्रिकटूचं करा. सुंठ १५ ग्रॅम, मिरे १० ग्रॅम, पिंपळी ५ ग्रॅम जाडसर कुटून ३०० मिली व्हिनेगरमध्ये दहा दिवस, मग गाळून १५० ग्रॅम मध. पूड वापरली तर गाळता गळत नाही. यात पाणी जवळजवळ शिरत नसल्यानं चुकायला जागाच नाही. पहिल्यांदा करणाऱ्यानं खरं तर इथूनच सुरुवात करावी.

उन्हाळ्यासाठी डाळिंबाचं. जिल्ह्यात डाळिंब मुबलक, राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्रही सोलापुरातच आहे. १०० मिली व्हिनेगरमध्ये सुकवलेला पुदिना मूठभर आणि आल्याच्या चार चकत्या दोन दिवस ठेवून गाळा. त्यात १५० ग्रॅम मध विरघळवा, मग २५० मिली ताजा डाळिंबाचा रस. दाणे मिक्सरमध्ये एक-दोन झटकेच फिरवा. बी भरडली की रस तुरट होतो. रसामुळे आम्लता फार उतरते, म्हणून हे फ्रिजमध्येच आणि पाच-सहा दिवसांत संपवायचं. ग्लासात तीन मोठे चमचे, माठातलं पाणी, चिमूटभर काळं मीठ.

तिखट सिकंजबीन मात्र एक मोठा चमचा (१५ मिली) एका ग्लासभर पाण्यात, दिवसातून एकदा. नुसतं घोटानं पिऊ नका, आम्लानं दातांचं कवच झिजतं. प्यायल्यावर चूळ भरा आणि लगेच ब्रश करू नका. हे चवीचं, थंडीत घसा मोकळा वाटावा म्हणून घ्यायचं पेय आहे, कुठल्या आजारावरचं औषध नव्हे. एक वर्षाखालच्या बाळाला मध असलेलं काहीही द्यायचं नाही. अल्सर किंवा सततचं पित्त असेल, रक्त पातळ करायच्या, लघवीच्या किंवा मधुमेहाच्या गोळ्या चालू असतील, तर आधी डॉक्टरांना विचारा. मध म्हणजे शेवटी साखरच.

राहिला चोथा. लिंबाच्या साली आणि मिरे वेचून काढा, बाकीचं जाडसर ठेचा, मीठ आणि मूठभर भाजलेले शेंगदाणे घाला, वर गरम तेलाची फोडणी. आंबट-तिखट ठेचा होतो, कडक भाकरीबरोबर दोन दिवसांत संपतो.