गुळवेल ओळखताना या चुका टाळा

बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यात शेताच्या बांधावर, कुंपणावर आणि मोठ्या झाडांच्या शेंड्यापर्यंत चढलेली गुळवेल सर्वांना ठाऊक आहे. कन्नडभाषक शेजारी तिला अमृतबळ्ळी म्हणतात. तरीही तिच्या ओळखीत वर्षानुवर्षे त्याच चुका होत आहेत, कारण बहुतेक जण पान पाहतात, मोबाइलवर छायाचित्र काढतात आणि ॲप जे नाव सांगेल ते वहीत लिहून मोकळे होतात.

हृदयाच्या आकाराचे पान अनेक वेलींना असते. कडू करांद्याच्या पानातील ठळक शिरा तळापासून निघून कमानीसारख्या टोकाकडे वळतात. समुद्रशोकाचा देठ तोडला की पांढरा चीक येतो. पहाडवेलीचा देठ पानाच्या कडेला न जुळता थोडा आत, पाठीला जुळलेला असतो. गुळवेलीच्या पानात मी प्रथम देठ पाहतो: तो लांब असतो, दोन्ही टोकांना किंचित फुगलेला असतो आणि बुडाशी बहुधा पिळलेला असतो. परंतु एवढ्यावरही जात ठरवू नये.

पानावर विसंबल्याने काय होते, हे मी जवळून पाहिले आहे. २०२० नंतर काढ्यासाठी गुळवेलीची मागणी एकाएकी वाढली, तेव्हा आमच्या भागातील एका गावात रोपवाटिकेतून आणलेल्या वेलीच्या कांड्या घरोघर वाटल्या गेल्या. पाने हृदयाकृती होती, ॲपनेही गुळवेल असेच सांगितले होते, त्यामुळे कोणाला शंका आली नाही. मी खोडावरून बोट फिरवले, तर करड्या सालीवर जवळजवळ दाटलेल्या बोथट गाठी हाताला लागल्या आणि कापलेल्या जागी दुधट स्राव आला. ती टिनोस्पोरा क्रिस्पा होती. गुळवेल म्हणजे टिनोस्पोरा कॉर्डिफोलिया. दोन्ही एकाच प्रजातीतल्या, म्हणजे टिनोस्पोरा या जीनसमधल्या असल्या तरी जाती वेगळ्या आहेत. आयुष मंत्रालयानेही २०२२ मध्ये या दोन वेलींतील फरक जाहीर केला आणि क्रिस्पा अपायकारक ठरू शकते, असे सांगितले. गुळवेलीचे खोड हिरवे असते, त्यावर अशा गाठी नसतात आणि दुधट स्रावही येत नाही. फुलांत गुळवेलीला सहा पाकळ्या असतात, तर क्रिस्पाला तीन. त्या गावात कुंपणावर चढलेल्या वेली काढायला लावताना लोकांची नाराजी पत्करावी लागली, पण पोटात जाणाऱ्या वनस्पतीच्या बाबतीत भीड बाळगणे मला मान्य नाही.

येथे उलट बाजूची चूकही होते. गाठींविषयी ऐकलेले नवखे अभ्यासक खऱ्या गुळवेलीच्या जून खोडावरील पांढुरकी वल्करंध्रे, म्हणजे सालीवरची हवेची छिद्रे, पाहून तिलाच क्रिस्पा ठरवतात. गुळवेलीची वरची साल पातळ पापुद्र्यासारखी सुटते आणि तिच्याखाली हिरवा थर दिसतो. नखाने थोडी साल खरवडून पाहण्याइतका धीर असला, तर हा घोटाळा होत नाही.

खोड आडवे कापल्यावर चाकाच्या आऱ्यांसारखी रचना दिसली की गुळवेल सिद्ध झाली, असे छातीठोकपणे सांगणारे पुष्कळ भेटतात. काष्ठाचे पाचरीसारखे भाग आणि त्यांच्यामधले रुंद किरण ही गुळवेल ज्यात मोडते त्या मेनिस्पर्मेसी कुळातील अनेक वेलींची खूण आहे. क्रिस्पाचा छेदही तसाच दिसतो. म्हणून छेदावरून कुळाचा अंदाज बांधावा, जात ठरवू नये.

पानाच्या पाठीवर दाट, मऊ लव असेल, तर याच प्रजातीतल्या आणखी एका जातीचा, टिनोस्पोरा सायनेन्सिसचा विचार करावा. भिंग खिशात नसेल, तर नाव लिहू नये.

कडुनिंबावर चढलेली गुळवेल ही निराळी जात आहे, हा समज तर सुशिक्षितांतही पक्का आहे. औषधासाठी तिला का पसंती द्यावी, हा वैद्यांचा विषय आहे; वर्गीकरणात आधाराचे झाड बदलल्याने वेलीची जात बदलत नाही. आधाराच्या झाडाचे नाव टिपणात अवश्य लिहावे, जातीच्या नावात घुसडू नये. याच समजातून तिला बांडगुळाच्या पंक्तीत बसवले जाते. बांडगूळ झाडाच्या आत शोषकमुळे घुसवते. गुळवेल झाडाचा केवळ आधार घेते आणि स्वतःचे अन्न स्वतः तयार करते. जमिनीजवळ खोड तोडल्यावरही वरचा भाग हिरवा राहतो, तो झाडातून रस ओढल्यामुळे नव्हे: मांसल खोडात साठा असतो आणि त्यातून दोऱ्यासारखी हवाई मुळे खाली सुटून पुन्हा मातीत रुजतात.

फळे धरत नाहीत म्हणून वेल रोगट ठरवू नये. नर आणि मादी फुले वेगवेगळ्या वेलींवर येतात. फुलांचे अवयव तीनच्या पटीत दिसले म्हणून तिला एकदलिकितांतही, म्हणजे बीजात एकच दल असलेल्या वनस्पतींतही, ढकलू नये. ती द्विदलिकित असून आजच्या वर्गीकरणात रॅनन्क्युलेलीस गणात येते.

अभ्यासासाठी वेलीचा नमुना कागदांत दाबून वाळवण्यात घाई करणाऱ्यांची मला विशेष चीड येते. रसाळ खोड कागदांत दाबूनही दीर्घकाळ जिवंत राहते आणि दरम्यान पाने गळून पडतात. मी फांदी आधी क्षणभर उकळत्या पाण्यात बुडवतो, जाड खोड उभे चिरतो आणि सुरुवातीला कागद रोज बदलतो. वेलीला फुले नसतील, तर तिच्यावर खुणेची चिंधी बांधून परत येतो आणि उन्हाळ्यात, पाने झडलेल्या वेलीवर पिवळसर हिरवे तुरे आले की पुन्हा तेथे जाऊन फुलांसह फांदी घेतो. तोवर वहीत फक्त प्रजातीचे नाव राहते.