नवा मॉनिटर: ठेवायचा की परत पाठवायचा?

नवा मॉनिटर घरी आला की खोका आणि थर्माकोल रद्दीत देऊ नका. मग ऑर्डरच्या पानावर जाऊन परतीची शेवटची तारीख बघा आणि भिंतीवरच्या कॅलेंडरवर तिच्याभोवती गोल करा. आपल्याकडे ऑनलाइन घेतलेल्या मॉनिटरला बहुतेक वेळा सात किंवा दहा दिवस मिळतात. त्यातही अनेकदा पैसे परत मिळत नाहीत, वस्तू बदलून मिळते, आणि तीही कंपनीचा माणूस घरी येऊन बघून गेल्यावर. तो यायला दोन दिवस लागले तर तुमच्या हातात उरतात चार-पाच दिवस. म्हणून तपासणी पहिल्याच संध्याकाळी उरकून टाका.

मी मराठी मजकुराचं मुद्रितशोधन करते, म्हणजे दिवसाचे आठ-नऊ तास पांढऱ्या पडद्यावरची काळी अक्षरं बघते. सत्तावीस इंची आयपीएस (पडद्याच्या पॅनेलचा एक प्रकार) मॉनिटर घेतला तेव्हा पहिल्या रात्री खोलीत अंधार केला, पडदा पूर्ण काळा केला आणि डावीकडच्या खालच्या कोपऱ्यातला पिवळसर उजेड बघून अर्धी रात्र तळमळत काढली. खरा त्रास निघाला भलताच. वरच्या भागात, मध्याच्या जरा उजवीकडे एक मेलेला पिक्सेल, म्हणजे कायमचा काळा पडलेला बारीक ठिपका, होता. चौथ्या दिवशी पान पडद्यावर मावेल इतकं लहान करून वाचताना तो नेमका एका ‘ला’च्या डोक्यावर येऊन बसला. ‘मुलाचे’ होतं, मी ‘मुलांचे’ वाचून पुढे गेले. छापील प्रूफ हातात आल्यावर कळलं. त्या दिवसापासून माझा हिशेब बदलला: दोष किती मोठा दिसतो यापेक्षा तो माझ्या कामात कुठे आडवा येतो, हे आधी बघायचं.

खोका उघडताना

मोबाईलवर सलग व्हिडिओ काढा. न फोडलेली टेप, खोक्यावरचा आणि मॉनिटरच्या पाठीवरचा सिरियल नंबर, आणि पहिल्यांदा चालू झालेला पडदा, एवढं त्यात आलं पाहिजे. काचेला तडा किंवा उभी-आडवी रेघ असेल तर पुढचं काही वाचू नका, तक्रार नोंदवा.

दोष मॉनिटरचाच आहे ना?

ही पायरी लोक गाळतात आणि चांगला मॉनिटर परत जातो. अक्षरं धूसर दिसत असतील तर आधी रिझोल्यूशन पूर्ण लावलंय का ते बघा. काळा रंग राखाडी आणि सगळंच फिकट दिसत असेल तर ग्राफिक्सच्या सेटिंगमध्ये रंगांची रेंज ‘लिमिटेड’वर अडकलेली असू शकते, ती ‘फुल’ करा. तिथेच आउटपुट, म्हणजे रंग मॉनिटरकडे पाठवायची पद्धत, ‘आरजीबी’ आहे का तेही बघा. ‘वायसीबीसीआर’ या दुसऱ्या पद्धतीच्या ४:२:२ किंवा ४:२:० प्रकारात रंगाची माहिती कमी पाठवली जाते आणि रंगीत अक्षरांच्या कडा फिसकटतात. मॉनिटरच्या मेनूतलं डायनॅमिक कॉन्ट्रास्ट, इको मोड आणि वाजवीपेक्षा वाढवलेली शार्पनेस बंद करा. विंडोजमधली नाइट लाइट चालू राहिली असेल तर पडदा पिवळा दिसणारच.

मग केबल बदलून बघा, दुसरा लॅपटॉप लावून बघा. एक सोपी खूण सांगते: दोष दिसत असताना स्क्रीनशॉट काढा आणि तो मोबाईलवर उघडा. स्क्रीनशॉटमध्येही दोष आला तर गडबड कॉम्प्युटरच्या बाजूला आहे. नाही आला तर संशय मॉनिटरवर किंवा केबलवर.

तपासणी

मॉनिटर अर्धा तास चालू ठेवा, कारण गार असताना उजेड आणि रंग स्थिरावलेले नसतात. कोरड्या मऊ कापडाने धूळ पुसा. मग काळा, पांढरा, लाल, हिरवा, निळा आणि मध्यम राखाडी अशी पूर्ण पडद्याची सहा चित्रं पेंटमध्ये बनवून एकेक करून बघा. खोलीत नेहमीचा दिवा लावा, ब्राइटनेस कामाला ठेवता तेवढीच ठेवा आणि हातभर अंतरावर बसा. नाक लावून बघितलं तर कोणताही मॉनिटर नापास होईल.

पिक्सेल मेलेला असेल तर तो सगळ्या रंगांवर काळा राहतो. अडकलेला असेल तर काळ्या पडद्यावर लाल, हिरवा किंवा निळा ठिपका चमकतो. प्रत्येक पिक्सेलचे तीन भाग असतात. त्यातला हिरवा भाग बंद पडला तर पांढऱ्या पानावर जांभळट-गुलाबी ठिपका दिसतो. अडकलेला पिक्सेल कधीकधी भराभर रंग बदलणारा व्हिडिओ काही तास लावून सुटतो, मेलेला सहसा सुटत नाही. अंगठ्याने दाबून ‘मोकळा’ करण्याचा सल्ला मात्र मनावर घेऊ नका, शेजारचे पिक्सेलही जायचे.

पावसाळ्यात एक वेगळाच ठिपका दिसतो: चालणारा. दिव्याच्या ओढीने बारीक किडे पडद्याच्या थरांमध्ये शिरतात. तो दिसला तर हात लावू नका. दाबला की तो तिथेच मरतो आणि डाग कायमचा राहतो. मॉनिटर बंद करा, बाजूला टेबल लॅम्प लावा आणि त्याला बाहेर यायला वेळ द्या.

कोपऱ्यातला उजेड दोन प्रकारचा असतो, आणि निर्णयासाठी हा फरक फार महत्त्वाचा आहे. काळ्या पडद्यासमोर बसून डोकं डावी-उजवीकडे न्या, थोडं मागे सरका. उजेड हलला, कमी-जास्त झाला तर ती आयपीएस पॅनेलची जातच आहे, त्याला ग्लो म्हणतात. उजेड जागचा हलला नाही, कडेला ढगासारखा चिकटून राहिला तर मागचा प्रकाश फटीतून झिरपतोय, म्हणजे बॅकलाइट ब्लीड. व्हीए या दुसऱ्या प्रकारच्या पॅनेलचा काळा रंग गडद असतो, पण काळ्या पार्श्वभूमीवरचा मजकूर सरकवला की अक्षरांमागे काजळी ओढल्यासारखी सावली दिसू शकते. तीही बहुतेकदा त्या पॅनेलचीच सवय.

मला सर्वांत जास्त खुपतो तो दोष काळ्या पडद्यावर दिसतच नाही. कोरं पांढरं पान पूर्ण पडदाभर उघडा. डावी बाजू गुलाबीसर आणि उजवी पिवळसर दिसते का? एखादी छोटी खिडकी एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत ओढत न्या, रंग बदलतोय का ते लगेच कळतं. लिहिणारे, वाचणारे, फोटो आणि डिझाइनवाले दिवसभर पांढऱ्यावरच जगतात. त्यांना हा फरक कोपऱ्यातल्या उजेडापेक्षा जास्त थकवतो. राखाडी पडद्यावर मळकट पट्टे दिसतात का तेही पाहून घ्या. क्रिकेट बघणाऱ्यांना ते हिरव्या मैदानावर हमखास दिसतात.

एक ठिपका दोष धरला जातो का?

१९२० बाय १०८० च्या पडद्यावर २०,७३,६०० पिक्सेल असतात, म्हणजे प्रत्येकाचे तीन भाग धरून ६२,२०,८०० उपपिक्सेल. एवढ्यांतला एखादा बिघडू शकतो हे गृहीत धरूनच पिक्सेल-दोषांचे वर्ग ठरवलेत, ते आयएसओ ९२४१-३०७ या मानकात येतात. वॉरंटीत किती ठिपके झाल्यावर पॅनेल बदलायचं हे प्रत्येक कंपनी आपल्या धोरणात लिहिते, आणि एका काळ्या ठिपक्यावर ते सहसा मिळत नाही. काही कंपन्या चमकणारा एक ठिपकाही दोष मानतात. तेव्हा आपल्या मॉडेलचं धोरण वाचाच. परतीची मुदत आणि वॉरंटी या दोन वेगळ्या खिडक्या आहेत. ‘तीन वर्षं वॉरंटी आहे, बघू नंतर’ असं म्हणून पहिली खिडकी हातची घालवू नका.

निर्णय

तपासणीनंतर दोन-तीन दिवस नेहमीचं काम करा. दोष शोधू नका. टेबलावर एक चिठ्ठी ठेवा आणि काम करताना नजर आपसूक त्या दोषाकडे गेली की एक रेघ ओढा. माझ्या चिठ्ठीवर तिसऱ्या दिवशी ठिपक्यापुढे अकरा रेघा होत्या आणि कोपऱ्यातल्या उजेडापुढे एक.

मग विचारा: बदलून आलेला नग बरा असेल का? मेलेला पिक्सेल हा त्या एका नगाचा दोष, बदलून घेण्यात अर्थ आहे. ग्लो त्या जातीच्या पॅनेलचा स्वभाव, त्याच मॉडेलचा दुसरा नग आला तरी तो असणारच. ग्लो सोसत नसेल तर पैसे परत घेऊन दुसऱ्या प्रकारचं पॅनेल बघा. ब्लीड आणि रंगाचा फरक यांत नशिबाचा भाग असतो: दुसरा नग बरा निघेल किंवा वाईटही. दोष सौम्य असेल आणि चिठ्ठी कोरी असेल तर मी मॉनिटर ठेवीन. चिठ्ठी भरली असेल तर ‘होईल सवय’ म्हणून स्वतःची समजूत घालू नका. पुढची पाच-सहा वर्षं तुम्ही त्याच्यासमोर बसणार आहात.

परत करायचं ठरलं तर

फोटो काढताना मोबाईलचा कॅमेरा अंधारात उजेड आपोआप वाढवतो आणि साधा ग्लो वणव्यासारखा दिसतो. फोकस धरून एक्स्पोजर खाली ओढा, डोळ्यांना दिसतं तेवढंच फोटोत येऊ द्या. ठिपक्याशेजारी पट्टी धरा.

कंपनीचा माणूस आला तेव्हा तो मला म्हणाला, “मॅडम, एवढं चालतं. एका ठिपक्याला पॅनेल बदलत नाहीत.” मी वाद घातला नाही. त्याला माझ्या खुर्चीवर बसवलं, तेच पान उघडलं आणि म्हटलं, “दादा, ही ओळ वाचा.” त्यानेही ‘मुलांचे’ वाचलं. मग पान थोडं वर सरकवलं. अनुस्वार जागेवरच राहिला, शब्द निघून गेला. त्याने फोटो घेतला आणि रिपोर्टमध्ये दोष लिहून दिला. तुमच्या कामातला असा एक पुरावा तयार ठेवा. रिपोर्टची प्रत किंवा नोंदीचा क्रमांक घेतल्याशिवाय त्याला जाऊ देऊ नका.

टाळाटाळ झाली तर तक्रार लेखी करा. ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० प्रमाणे सदोष किंवा जाहिरातीत सांगितल्याप्रमाणे नसलेली वस्तू परत घ्यायला विक्रेत्याला नकार देता येत नाही. तक्रार निवारण अधिकाऱ्याने ४८ तासांत तक्रारीची पोच द्यायची असते आणि महिन्याभरात निवारण करायचं असतं. तरीही दाद लागली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५, तिथे मराठीतही बोलता येतं.

खोक्यात स्टँड, स्क्रू, केबल, पॉवर अडॅप्टर, कागदपत्रं सगळं आलं तसं भरा आणि भरतानाही व्हिडिओ काढा. बदलून नवा नग आला की हीच तपासणी त्याच संध्याकाळी पुन्हा करा.

माझ्या दुसऱ्या नगाला ठिपका नाही. कोपऱ्यातला पिवळसर उजेड तसाच आहे, त्याच जागी. मॉनिटरच्या मागे भिंतीकडे तोंड करून एक छोटा दिवा ठेवलाय, त्यामुळे रात्री काम करताना तो उजेड दिसेनासा होतो.